तळ्यात सोडलेले चार सकर

त्या माशांचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं. आणि ते चुकलंय हे ज्यानं मला दाखवलं, त्याला मी भर वर्गात गप्प बसवलं होतं. पुढं जे झालं ते बरंचसं यातूनच झालं, म्हणून सांगायला सुरुवात इथूनच करतो.

रोह्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. राहायला रोह्यालगतच्या वरशात होतो, सायकलवरून दहा मिनिटांत कॉलेजात पोचायचो. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, तिच्या भिंतीला बरण्यांची कपाटं, आणि त्या बरण्यांमध्ये फॉर्मलिनमध्ये पांढरे पडलेले साप, विंचू, तारामासे. तिथले मदतनीस वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. पेणच्या पलीकडं खाडीकडेला त्यांचं गाव. बाप आणि आजा मिठागरात राबलेले, मामाही लहानपणी मिठागरातच वाढले, मग कुणाच्या तरी ओळखीनं कॉलेजात लागले. रोज सकाळच्या गाडीनं पेणहून रोह्याला यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. डब्यात तांदळाची भाकरी असायची, आणि मामी माझ्यासाठी म्हणून एक भाकरी आणि थोडी सुकटीची चटणी वेगळी बांधून द्यायच्या. मी ती वर्षानुवर्षं खाल्ली. मामींना मात्र त्या सगळ्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

एका जुन्या विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेला काचेची मोठी टाकी भेट दिली. तीत आम्ही काही सोनमासे सोडले. महिन्याभरात काचेवर हिरवं शेवाळ धरलं. पेणला बसस्टँडच्या मागं एक मासेवाला होता, त्याच्याकडं गेलो. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत बोटाएवढे काळपट मासे घालून दिले. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या चकत्या, तोंड पोटाच्या बाजूला, वाटीसारखं.

“सकर हाय सर. काच चाटत बसतो दिवसभर,” तो म्हणाला. “ह्याला दुसरं काय घालायला नको.”

सहा मासे आणले. ते खरोखर काचेला चिकटून बसले आणि आठ दिवसांत टाकी लख्ख झाली. मी खूश झालो. तिसऱ्या आठवड्यात एक मेला, दोन दिवसांनी दुसरा. मी पाण्याची आम्लता मोजली, तापमान लिहून ठेवलं, पुस्तकं चाळली. मामा टाकीसमोर उकिडवे बसले आणि काचेला चिकटलेल्या एका माशाकडं खालून बराच वेळ बघत राहिले.

“सर, ह्यांला भूक लागलीय.”

“अहो, शेवाळ खातात ते.”

“शेवाळ हाय कुठं आता? पोट बघा ना, आत गेलंय.”

बघितलं. पोटाच्या जागी खळगा पडला होता. मी रोज बघत होतो, पण वरून. काचेतून खालच्या बाजूला डोकावावं हे सुचलंच नव्हतं. मामांनी डब्यातल्या काकडीची एक चकती काढली, तिला सुतळीनं दगड बांधला आणि टाकीत सोडली. उरलेले चौघं त्या चकतीवर येऊन चिकटले आणि सकाळपर्यंत नुसती साल उरली. मग मामा रोज काहीतरी आणू लागले, दुधीचा तुकडा, पालकाची पानं. एकदा खाडीच्या चिखलातून काढलेलं जुनं लाकूड उकळून, धुऊन आणलं. मासे ते लाकूडही खरवडत बसायचे.

“खाडीतलं लाकूड कशाला?” मी विचारलं.

“त्यांचं तोंड बघितलं ना सर? असलं तोंड काच चाटायला दिलेलं नसतं कुणी.”

ते दोन मासे माझ्या अडाणीपणानं उपाशी मेले होते. पण त्या वेळी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मासे मरतात, एवढंच.

आता नावाचं सांगतो. कॉलेजच्या ग्रंथालयात शोभेच्या माशांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एका पानावर या माशासारख्या माशाचं काळंपांढरं चित्र होतं आणि खाली लांबलचक नाव. ते मी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवलं, हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस, खाली दक्षिण अमेरिका, आणि टाकीवर लावलं. मुलांना वर्णनही उतरवून घ्यायला लावलं. अंगावर चिलखत, पोटाकडं चूषकमुख, पाठीवरच्या पराला, म्हणजे पंखाला, पुढं एक जाड काटा आणि त्यामागं तो ताणून धरणाऱ्या सात काड्या. चाळीस मुलांच्या वह्यांत ते गेलं आणि प्रत्येक वहीवर मी तांबड्या शाईनं सही केली.

एके दिवशी वर्ग चालू असताना मामा टाकीचं पाणी बदलत होते. मासे तोवर चांगले वीतभर झाले होते. त्यांनी एक मासा ओल्या फडक्यात धरला होता. पाण्याबाहेर काढला की तो मासा बाजूचे पर ताठ करतो आणि कुरकुर असा आवाज काढतो. पाठीवरचा परही त्यानं उभारला. तो पर मोठा होता, होडीचं शीड उघडल्यासारखा. मामांनी लहानपणापासून घरी जाळी विणलेली, त्यांची बोटं आपोआप त्या काड्यांवरून फिरली.

“सर, तुम्ही पोरांना सात सांगितल्या ना?” ते म्हणाले. “ह्याला बारा हायत. काटा सोडून.”

मुलं हसली.

“मामा, तुम्ही पाणी बदला,” मी म्हणालो. “मोजायचं काम आमच्याकडं राहू द्या.”

मुलं आणखी हसली, आता मामांना. मामाही हसले आणि मासा टाकीत सोडून बादली घेऊन बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी खोलीत कुणी नसताना मी मासा बाहेर काढला आणि मोजलं. काटा सोडून बारा. दुसरा काढला, त्यालाही बारा. हा मासा पुस्तकातला नव्हता, त्याचा कुणीतरी चुलतभाऊ होता. कोणता, ते शोधायला चार पत्रं लिहावी लागली असती, एखादी मुंबईची फेरी करावी लागली असती. आणि मुख्य म्हणजे चाळीस वह्या परत मागवून त्यातलं नाव खोडावं लागलं असतं. विद्यापीठाची तपासणी आठ दिवसांवर आली होती. मी फडकं वाळत टाकलं आणि पुठ्ठा होता तसाच राहू दिला. तपासणीला आलेल्यांनी टाकीचं कौतुक केलं, पुठ्ठ्याकडं बघून मान डोलावली. मामांना मी काहीच बोललो नाही.

मला ते मासे आवडत होते, हेही सांगायला हवं. सकाळी खिडकीतून ऊन आलं की त्यांच्या डोळ्यातली बाहुली वरून मिटत यायची आणि बारीक कोर उरायची, पेंगल्यासारखी. मामांचा हात पाण्यात गेला की चौघं येऊन त्यांच्या मनगटाला तोंड लावायचे. माझ्या हाताला एकदाही आले नाहीत.

तीन वर्षांत सकर हातभर झाले. टाकीत वळायलाही जागा उरली नाही, शेपट्या काचेवर आपटायच्या. त्याच सुमारास कॉलेजात संगणक यायचे ठरले आणि त्यासाठी प्रयोगशाळेतला अर्धा भाग रिकामा करायला सांगितला गेला. टाकी जाणार हे नक्की झालं. मी पेणच्या मासेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, एवढे मोठे कोण घेणार, लोकांना बोटाएवढेच हवे असतात.

दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. मामा दारात येऊन उभे राहिले.

“सर, मी नेतो घरला. मारवत नाय.”

“न्या की.”

ते गेले नाहीत. “एक विचारतो. आमच्या गावतळ्यात सोडलं तर काय वांदा नाय ना? तळ्यात गावाचे मासे हायत. गुरं पाणी पितात.”

माझ्यासमोर साठ पेपर होते. मी मान वर केली नाही. पुस्तकात एक वाक्य होतं, की या माशाची टाकीत पैदास होत नाही. ते वाक्य दुसऱ्याच माशाबद्दल होतं, आणि टाकीबद्दल होतं, तळ्याबद्दल नव्हतं. यातलं पहिलं तर मला पक्कं माहीत होतं.

“काही होत नाही, मामा,” मी म्हणालो. “ही जात आपल्याकडं वाढत नाही. झालं तर शेवाळ खाऊन तळं स्वच्छ राहील.”

“तुम्ही म्हणता तर झालं,” मामा म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीनं त्यांनी ते चार मासे नेले. बादलीत मावेनात म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून नेले. दुसऱ्या दिवशी कौतुकानं सांगत होते, की निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगसाठी तासभर थांबली, तरी मासे जिवंत राहिले. हवा गिळत होते म्हणे. तळ्यात सोडल्यावर एक फेरा मारून सरळ तळाला गेले.

मामा निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मी भाषण केलं, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोललो. नंतर दोन वर्षं दिवाळीला त्यांच्याकडून वाल यायचे, मग यायचे बंद झाले. मी समजलो, वय झालं असेल.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बारावीची एक मुलगी पिशवीत मासा घेऊन आली. मेलेला होता, हातभर, काळपट, अंगावर चिलखत.

“सर, हा कुठला मासा हाय? आमच्या तळ्यात जाळं टाकलं की हेच येतात. जाळं फाटतं.”

मी गाव विचारलं. तिनं मामांचंच गाव सांगितलं.

मासा टेबलावर ठेवला, पर उचलला, काड्या मोजल्या. पालथा करून पोटावरची नक्षी बघितली, पांढुरक्या रंगावर काळे ठिपके, काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेले. तोवर माझ्याकडं नवी पुस्तकं आली होती. अर्ध्या तासात नाव सापडलं. टेरिगोप्लिक्थिस. नावाच्या सुरुवातीच्या भागाचा अर्थच पंख किंवा माशाचा पर असा आहे. पुस्तकात पुढं लिहिलं होतं, की हा मासा तळ्यानद्यांच्या काठात हात-हातभर लांब बिळं खणतो, त्यात अंडी घालतो, आणि एकदा रुजला की निघत नाही.

मी वर्गाला ते नाव सांगितलं, फळ्यावर लिहिलं, परदेशी माशांचे धोके समजावले. मुलीनं विचारलं, “पण सर, आमच्या तळ्यात आले कुठून?”

“कुणीतरी सोडले असतील,” मी म्हणालो.

तो तास संपल्यावर मी फळ्यावरचं नाव पुसून टाकलं.

पुढच्या रविवारी मी त्या गावाला गेलो. पेणहून रिक्षा केली, शेवटचा थोडा रस्ता चालत गेलो. एप्रिल चालू होता. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं, पलीकडं खाडीचा बांध. तळं अर्धं आटलेलं होतं. आणि आटलेल्या पाण्यावर जो काठ उघडा पडला होता, तो सगळा भोकांनी भरला होता. मूठ जाईल एवढी भोकं, ओळीनं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. एका बाजूला बांध ढासळून तळ्यात आला होता. काठावर काही मासे वाळून पडले होते, कुत्रीसुद्धा त्यांना तोंड लावत नव्हती.

मामा तिथंच होते. काठावर बसून फाटक्या पागातून, फेकायच्या जाळ्यातून, एक मासा सोडवत होते. माशानं काटे ताठ केले होते आणि जाळ्याचे धागे त्यात गुंतले होते. मामांनी धागा तोडला. त्यांच्या हातांवर जुन्या-नव्या चिरांची जाळी झाली होती.

“सर,” ते म्हणाले आणि उठायला लागले. मी त्यांना बसवलं.

काय काय झालं ते त्यांनी हळूहळू सांगितलं. पहिली दोन-तीन वर्षं काही दिसलं नाही. मग एका वैशाखात गाव तळ्यात उतरलं तेव्हा जाळ्यात निम्मे हेच निघाले. त्या गावाची रीत अशी, की पावसाच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून तळ्यात रोहू-कटल्याची पिल्लं सोडायची आणि वैशाखात पाणी उतरलं की सगळ्यांनी मिळून मासे धरून घरटी वाटायचे. आता वाटायला काही उरत नव्हतं. तळ्यातली मूळची मासळी मरळ, ती तर नावालाही उरली नव्हती. आणि बिळांमुळं बांध पाझरायचा, म्हणून जे पाणी जूनपर्यंत पुरायचं ते एप्रिलातच संपत होतं. बायका गुरांना पाण्यासाठी दुसऱ्या वाडीला नेत होत्या.

“लोकांना माहीत आहे?” मी विचारलं. “म्हणजे, कुणी सोडले ते?”

“बघितलं व्हतं ना सगळ्यांनी. मीच दाखवलं व्हतं, कॉलेजातले मासे म्हणून.” ते हातातल्या माशाकडं बघत होते. “आता तळं धरतात तेव्हा मला बोलवत नाय. आमचं घर सोडून वाटणी करतात. मामाचे मासे म्हणतात ह्यांला.”

“मामा, मी सांगितलं होतं की काही होत नाही.”

“व्हय.”

“हे त्यांना सांगितलंत?”

“नाय.”

“का?”

त्यांनी मासा बाजूला ठेवला. तो कुरकुरत राहिला.

“ह्या गावची पोरं तुमच्या हाताखाली शिकतात सर. कशाला तुमचं नाव काढायचं. सोडले तर मीच ना?”

मी म्हणालो की मी गावाला येऊन सगळं सांगेन. मामांनी पाग पुन्हा मांडीवर ओढला.

मी खरंच गेलो, दोन आठवड्यांनी. मारुतीच्या देवळात सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. सर आलेत म्हणून खुर्ची आणली होती, नारळ दिला होता. मी माशाचं चित्र मोठं करून नेलं होतं. मी बोलायला लागलो आणि माझ्या तोंडून वर्गातलंच व्याख्यान बाहेर पडू लागलं. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शोभेसाठी आपल्या देशात आणला जातो. मोठा झाला की लोक अजाणता तो पाण्यात सोडतात. अजाणता हा शब्द मी दोनदा वापरला. मामा मागच्या खांबाला टेकून बसले होते. माझी नजर एकदा त्यांच्याकडं गेली. ते माझ्याकडं ऐकत असल्यासारखं बघत होते, राग नव्हता, वाट बघणंही नव्हतं. मी नजर वळवली आणि बिळं कशी बुजवायची ते सांगू लागलो.

बोलणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा म्हणाला, “बघा, सर म्हणतात, अजाणता झालं. अडाणी माणूस, त्याला काय कळणार.” त्यानं मामांच्या बाजूनं म्हणून ते म्हटलं होतं. मी चहा घेतला आणि रिक्षानं पेणला आलो.

त्या व्याख्यानाची लाज मला तळ्याच्या लाजेहूनही जास्त वाटते. उत्तरपत्रिका तपासताना मी मान वर केली नाही, तो आळस होता, गर्व होता. देवळात मात्र मला सगळं ठाऊक होतं. खुर्चीवर बसून, नारळ मांडीवर घेऊन, मी तो दोष त्या खांबाशी बसलेल्या माणसाच्या अंगावर आणखी एकदा नीट बसवला.

बायकोला मी पावसाळ्यात सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तुम्हाला त्या गावात परत जायचंय का तोंड न दाखवता नाहीसं व्हायचंय? ते ठरवा.”

परत गेलो ते पुढच्या वैशाखात, तळं धरण्याच्या आदल्या दिवशी. या वेळी चित्र नेलं नाही. त्याच देवळात, खुर्ची नको म्हणून उभा राहिलो आणि क्रमानं सांगितलं. मासे मी विकत आणले. नाव मी चुकीचं लावलं. मामांनी काड्या मोजून मला चूक दाखवली, मी त्यांचा अपमान केला. मग खरं कळूनही मी गप्प बसलो. सोडण्याआधी मामांनी मला विचारलं, तळ्यात गावाचे मासे आहेत, गुरं पाणी पितात, असंही म्हणाले, आणि मी वर न बघता सोडा म्हणून सांगितलं. गेल्या वर्षी इथंच मी हे लपवलं.

मग तोच म्हातारा म्हणाला, “जाऊ द्या सर. तुम्ही पुस्तकातलं सांगितलंत. तळं बघून सोडायचं का नाय हे त्यानं ठरवायला पायजे व्हतं. तो खाडीतला माणूस.”

“पण त्यांनी मला विचारलं होतं.”

“तुमचा मोठेपणा हाय सर, तुम्ही अंगावर घेताय.”

दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी पुन्हा सांगू लागलो, तसे ते आणखी आदरानं ऐकू लागले. माझं कबूल करणं त्यांना माझा चांगुलपणा वाटत होता. मामांची बदनामी जशीच्या तशी राहिली आणि वर मला मान मिळाला.

तेव्हा बायकांच्या बाजूनं एक वृद्ध बाई उठल्या. मी ओळखलं नाही, पण मामांनी मान खाली घातली त्यावरून समजलो. मामी होत्या.

“ह्यांनी विचारलं व्हतं तुमाला?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“आणि तुमाला ठावं व्हतं की मासा दुसराच हाय?”

“हो.”

“मग चार वर्सं आमी वाळीत पडल्यासारखे राहिलो तवा तुमी कुठं व्हतात? माझ्या नातीच्या साखरपुड्याला निम्मं गाव आलं नाय. ह्यांनी एका शब्दानं तुमचं नाव नाय काढलं. घरातसुदीक नाय. मला आज कळतंय.” त्या म्हाताऱ्याकडं वळल्या. “मोठेपणा कसला त्यात? गुन्हा हाय तो. त्यांनी कबूल केलाय, तुमी का नाय म्हणता?”

शेजारच्या बाईनं “बस गो,” म्हणत त्यांचा हात ओढला. त्या बसल्या नाहीत, देवळातून निघून गेल्या. मला त्या वेळी काय वाटलं ते नेमकं सांगता येत नाही. वाईट वाटलं, पण कुणीतरी माझं बोलणं खरं मानलं, एवढं समजलं.

दुसऱ्या दिवशी मामांना तळ्यावर बोलावलं गेलं. मामींच्या बोलण्यानं की माझ्या, कोण जाणे. मीही उतरलो. पंप लावून उरलेलं पाणी काढलं आणि गुडघाभर चिखलात माणसं रांगेनं पुढं सरकू लागली. सकरांचे ढीग पडले. काठावर टाकले तरी तासन् तास मरत नव्हते. मी मुलांना दगड मारू दिले नाहीत. बर्फाच्या पाण्याचा हौद केला होता, त्यात टाकून मीच मारले, कारण त्यातल्या त्यात ते कमी त्रासाचं होतं आणि ते काम दुसऱ्यावर टाकायचा मला अधिकार नव्हता.

दुपारी मामा आणि मी बिळं तपासत होतो. एका बिळात हात घातला तर आत काहीतरी घट्ट बसलेलं लागलं. मासा होता, आडवे काटे भिंतीत रुतवून बसलेला. ओढला तर येईना, माझा अंगठा चिरला. मामा म्हणाले, “नर हाय. मागं अंडी असतील. सोडायचा नाय तो.”

त्यांनी बाजूनं माती उकरली. मासा बाहेर आला आणि त्यामागून पिवळ्याजर्द अंड्यांचा चेंडू घरंगळत आला. मासा हातात कुरकुरत होता. त्याच्या डोळ्यातली बाहुली उन्हानं मिटत कोरीएवढी झाली. मी तो हौदाकडं नेला. अंडी मामांनी पायानं चिखलात दाबली. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

बिळात दगड आणि चिकणमाती भरली. पावसात बांध टिकला, पाणी मेपर्यंत पुरलं. पुढच्या वर्षी सकर कमी निघाले, त्यापुढच्या वर्षी आणखी कमी. पण संपले नाहीत. एका मोठ्या पावसात तळं भरून वाहिलं, तेव्हा काही ओढ्याला लागले असणार. अलीकडं खालच्या गावांतली मुलं मला फोटो दाखवतात आणि विचारतात, हा कुठला मासा. मी नाव सांगतो, आणि तो तिथं कसा आला तेही सांगतो, पहिल्या वाक्यापासून.

मामा तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात मी पेणला दवाखान्यात भेटायला गेलो होतो. त्यांनी मला कॉलेजातल्या बरण्यांबद्दल विचारलं, फॉर्मलिन बदलतात का कुणी. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाले, “झालं ना ते सर. बिळं बुजवलीत का यंदा, ते सांगा.” मी म्हणालो बुजवली. त्यांना बरं वाटलं असावं.

अजूनही वैशाखात मी तळ्यावर जातो. गुडघे धरतात, म्हणून आता काठावरून बिळं दाखवतो आणि तरुण माणसं ती भरतात. मामी तिथंच, चिंचेखाली, वाट्याच्या टोपल्या मोजत बसलेल्या असतात. गावातली सगळी माणसं मला सर म्हणून नमस्कार करतात. मामी करत नाहीत. मी समोरून गेलो तरी त्या टोपल्यांकडंच बघतात, आणि मीही त्यांना हाक मारत नाही.